एचडीआर चालू केलं की मॉनिटर फिकट दिसतो. मीटर न घेता कॅलिब्रेशन करता येईल का?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. विंडोज ११ मध्ये एचडीआर (उजेड आणि अंधार यांचा मोठा पल्ला दाखवणारी चित्रपद्धत) चालू केलं की डेस्कटॉप पांढुरका पडतो, सिनेमातली रात्रीची दृश्यं काळी न दिसता करडी दिसतात, आणि मॉनिटरचं ब्राइटनेस बटण दाबूनही काही होत नाही. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत, त्यामुळे एकच जादूचं सेटिंग शोधत बसू नका. मीटरचं, म्हणजे पडद्याचा उजेड आणि रंग मोजणाऱ्या यंत्राचं, म्हणाल तर तो लागत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

बटणाचं आधी, कारण त्यातूनच बाकीचं कळतं. साध्या म्हणजे एसडीआर चित्रात सिग्नल एवढंच सांगतो की अमुक ठिपका पूर्ण पांढऱ्याच्या किती टक्के आहे. पूर्ण पांढरा म्हणजे किती उजेड, ते आपण ब्राइटनेसच्या बटणाने ठरवतो. एचडीआर१० मध्ये, म्हणजे एचडीआरच्या सर्वांत रुळलेल्या प्रकारात, तसं नसतं. तिथे पीक्यू नावाचा कर्व्ह वापरतात, जो २०१४ साली एसएमपीटीई एसटी २०८४ या नावाने प्रमाणित झाला. त्यात सिग्नलच्या प्रत्येक आकड्याला ठरलेला उजेड असतो, ० ते १०,००० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप). १० बिटांच्या १०२४ पायऱ्यांमध्ये १०० निट्स साधारण ५२० व्या पायरीवर येतात आणि १००० निट्स ७६९ व्या. म्हणजे निम्म्या पायऱ्या १०० निट्सच्या खालीच खर्ची पडतात, कारण अंधारातले बारीक फरक डोळ्याला लगेच जाणवतात. सिग्नलच जर म्हणतो '२०० निट्स', तर मॉनिटरने २०० च द्यायचे. मग ब्राइटनेसच्या बटणाला काम उरत नाही आणि बरेच मॉनिटर ते गोठवून टाकतात. बिघाड नाही तो.

आता १०,००० निट्स देणारा मॉनिटर तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. त्यामुळे वरचा उजेड कुणीतरी आवळून मॉनिटरच्या आवाक्यात बसवावा लागतो. यालाच टोन मॅपिंग म्हणतात. ते विंडोज करू शकतं, गेम करू शकतो, मॉनिटरही करू शकतो, आणि दोघा-तिघांनी एकाच चित्रावर केलं की हायलाइट मळकट होतात. कॅलिब्रेशन म्हणजे चित्र 'ब्राइट' करणं नव्हे. मॉनिटरची खरी मर्यादा कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगायचं, म्हणजे आवळायचं काम एकदाच आणि नीट होतं. एरवी कॉम्प्युटर मॉनिटरने स्वतःबद्दल कळवलेल्या आकड्यांवर विसंबतो, आणि ते आकडे बऱ्याचदा गोलमाल असतात.

मॉनिटरवरचा स्टिकर एकदा बघून घ्या. डिस्प्लेएचडीआर ४०० (एचडीआर मॉनिटरच्या प्रमाणपत्राची सर्वांत खालची श्रेणी) असेल तर अपेक्षा जरा आवरा. त्या श्रेणीच्या मूळ नियमांत लोकल डिमिंगची, म्हणजे पडद्यामागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची, सक्तीच नव्हती. साध्या आयपीएस (एलसीडीचा एक प्रकार) पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातलं गुणोत्तर, १००० ला १ धरला, तर पांढरा ४०० निट्सवर नेल्यावर काळा ०.४ निटवर येऊन बसतो, आणि अंधाऱ्या खोलीत ०.४ निट स्पष्ट करडा दिसतो. तुमची सिनेमातल्या रात्रींची तक्रार बहुधा इथलीच आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तरीही मॉनिटरच्या मेनूत लोकल डिमिंग आहे का ते जरूर पाहा. असलं आणि बंद असलं, तर ते चालू करण्याइतका फरक दुसरं कुठलंच सेटिंग पाडणार नाही.

पुढची तयारी पटकन सांगतो. ग्राफिक्स ड्रायव्हर ताजा करा. नाइट लाइट, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि डोळ्यांना आराम देणारे मोड बंद करा. एसडीआरसाठी बनवलेलं जुनं रंग-प्रोफाइल लावलेलं असेल तर काढा, ते एचडीआरमध्ये रंग बिघडवतं. केबलकडे लक्ष द्या: एचडीएमआय २.० वरून ४के, ६० हर्ट्झ, १० बिट आणि पूर्ण आरजीबी हे सगळं एकदम जात नाही, कुठेतरी काटछाट होते. डिस्प्लेपोर्ट १.४ किंवा एचडीएमआय २.१ असेल तर तेच वापरा. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या आणि नेहमी ज्या उजेडात बघता तोच खोलीत ठेवा.

आता मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून 'विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन' हे फुकट अ‍ॅप घ्या. ते पूर्ण पडद्यावर उघडा. त्यात आधी सर्वांत गडद काळा, मग छोट्या भागातला सर्वाधिक उजेड, मग पूर्ण पडद्याचा सर्वाधिक उजेड अशा तीन पायऱ्या येतात आणि शेवटी रंगांचा गडदपणा.

काळ्याच्या पायरीपुरते मात्र खोलीतले दिवे मालवलेले बरे. पडद्यावर मंद आकृती दिसते, ती जेमतेम नाहीशी होईल तिथे स्लायडर थांबवायचा. ओएलईडीवर (जिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो-विझतो) तो शून्याला टेकतो, एलसीडीवर सहसा थोडा वर राहतो.

खरी गंमत दुसऱ्या पायरीत आहे. स्लायडर सरकवत गेलात की पांढऱ्या चौकोनातली आकृती आधी ठळक असते, मग तिच्या कडा विरघळू लागतात, आणि एका टप्प्यावर सगळं सपाट पांढरं होतं. तिथून एक-दोन टिचक्या मागे या. आकृती नुसती भास झाल्यासारखी परत दिसली पाहिजे. पुन्हा पुढे जा, जिथे ती पुरती मिटते तोच तुमचा आकडा. घाई केलीत तर शे-दोनशे निट्सचा फरक सहज पडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी जाऊन बघा.

इथे एक पेच येतो. स्टिकर सांगतो ६००, आणि आकृती मात्र १४००-१५०० पर्यंत दिसतच राहते. मॉनिटर तेवढा उजेड देत नसतो, तो स्वतःच टोन मॅपिंग करत असतो. वरचे सगळे उजेड आपल्या ६०० च्या आत कोंबतो, म्हणून त्यांच्यातला फरक मिटत नाही. मेनूत 'एचजीआयजी' (टोन मॅपिंग गेमवर सोपवणारा मोड) किंवा टोन मॅपिंग बंद करणारा पर्याय असेल तर तो निवडून ही पायरी पुन्हा करा, आकडा बराच खाली येईल. तसा पर्यायच नसेल तर आकृती जिथे मिटते तोच आकडा ठेवा. पुष्कळ जण सांगतात की स्टिकरवरचा आकडा टाका, पण मला ते पटत नाही. मॉनिटर आवळतच राहणार असेल तर ६०० चा सिग्नल मिळाल्यावर तो ६०० निट्स देणारच नाही, आणि विकत घेतलेला उजेड वाया जाईल.

तिसरी पायरी एलसीडीवाल्यांना नावापुरती वाटेल, ओएलईडीवाल्यांनी ती मनावर घ्यावी. ओएलईडीचा १००० निट्सचा दावा पडद्याच्या अगदी छोट्या तुकड्यापुरता असतो. पूर्ण पडदा पांढरा केला की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी मॉनिटर स्वतःहून उजेड उतरवतो, आणि बरेच मॉडेल साधारण २५० निट्सवर येतात. म्हणून या पायरीचा आकडा दुसरीपेक्षा खूप कमी आला तर दचकू नका. मॉनिटरला दोन एचडीआर मोड असतील, उदाहरणार्थ ट्रू ब्लॅक ४०० आणि पीक १०००, तर कुठला वापरणार ते आधी ठरवा. मोड बदलला की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.

रंगांचा गडदपणा मी जिथल्या तिथे सोडतो. तो वाढवला की पहिल्या दिवशी चित्र झकास वाटतं आणि नंतर प्रत्येक चेहरा उन्हात भाजल्यासारखा दिसू लागतो.

आता डेस्कटॉपचा पांढुरकेपणा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, एचडीआर या वाटेने गेलात की 'एसडीआर कंटेंट ब्राइटनेस' नावाचा स्लायडर सापडेल. साधारण ८० ते ४८० निट्सची ही पट्टी आहे, प्रत्येक घर ४ निट्सचं. म्हणजे ३० वर ठेवलात तर पांढरा २०० निट्सच्या आसपास येतो, दिवसा कामाला पुरेसा. रात्री मी तो १० पर्यंत खाली आणतो. ब्राइटनेसच्या बंद पडलेल्या बटणाची जागा, डेस्कटॉपपुरती तरी, हाच स्लायडर घेतो.

एवढं करूनही सावल्या थोड्या उचललेल्या दिसतीलच. एचडीआर चालू असताना विंडोज साधं चित्र एसआरजीबी या साध्या चित्रांच्या प्रमाणाच्या नेमक्या कर्व्हने उलगडतं, म्हणजे सिग्नलवरून उजेड ठरवतं, आणि बहुतेक मॉनिटर एरवी गॅमा २.२ हा थोडा वेगळा कर्व्ह वापरतात. उजळ भागात दोन्ही जवळजवळ सारखेच, पण अंधारात वेगळे. ५ टक्के सिग्नलचा गडद करडा एसआरजीबीने सुमारे ०.३९ टक्के उजेड देतो, गॅमा २.२ ने सुमारे ०.१४ टक्के. जवळपास तिप्पट! डोळ्याला जे 'फिकट' वाटतं त्यातलं बरंचसं हेच. वरचं अ‍ॅप हे दुरुस्त करत नाही. हा कर्व्ह बदलणारी प्रोफाइलं काही जण बनवून वाटतात, पण ती लावली की खऱ्या एचडीआर चित्रातल्या सावल्याही दबतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

गेममध्ये दोन आकडे विचारतात. पीक ब्राइटनेसला दुसऱ्या पायरीचा आकडा द्या. पेपर व्हाइटला, म्हणजे साध्या पांढऱ्या कागदाच्या उजेडाला, २०० च्या आसपास, कारण एचडीआर प्रक्षेपणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.२४०८ अहवालातही संदर्भाचा पांढरा २०३ निट्स धरला आहे. गेममधलं सेटिंग नीट चालत असेल तर ऑटो एचडीआरची (साधे गेम एचडीआरसारखे दाखवणाऱ्या विंडोजच्या सेटिंगची) गरज नाही, ते फक्त जुन्या एसडीआर गेमांसाठी आहे.

मीटर कधी घ्यावा? फोटो किंवा व्हिडिओचं रंगकाम पैसे घेऊन करत असाल तर. तेव्हाही तो किती निट्सपर्यंत मोजतो ते बघून घ्या, आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ११ च्या एचडीआरसाठी एमएचसी२ टॅग (विंडोजला एचडीआरमधली दुरुस्ती सांगणारी नोंद) असलेलं प्रोफाइल बनवतं का तेही विचारा. बनवत नसेल तर तुमची मेहनत एसडीआरपुरतीच राहील.

दिवसभर मजकुराचं काम असेल तर एचडीआर बंदच ठेवा. विंडोज, ऑल्ट आणि बी ही तीन बटणं एकत्र दाबली की ते चालू-बंद होतं, सेटिंग्जमध्ये जावं लागत नाही. मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड बदललंत तर अ‍ॅप पुन्हा चालवा. आणि इतकं करूनही काळा करडाच दिसला, तर खाली मॉडेल नंबर लिहा, त्यात लोकल डिमिंग आहे का ते बघून सांगतो.