वाचक विचारतात : गोळी आली कुठून, आणि सांगतंय कोण?

प्रश्न : वकीलसाहेब, मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केनेडी हत्येवर वाचायला घेतलं आणि डोकं भणभणलं. कुणी म्हणतं गोळ्या मागच्या पुस्तकांच्या गोदामातून आल्या, कुणी म्हणतं समोरच्या गवताळ टेकाडावरून. कुणी दोन ऐकल्या, कुणी तीन, कुणी सहा. भरदुपारी, एवढ्या लोकांसमोर घडलेली गोष्ट! मग यातले निम्मे खोटं बोलतात का? तुम्ही बचावाचे वकील असता तर कुणाला धरलं असतं आणि कुणाला सोडलं असतं?
– एक विद्यार्थिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बेटा, आधी एक कर. यातलं कुणीच खोटं बोलत नाही असं धरून चाल आणि मग पुन्हा वाच. खोटारडा साक्षीदार उलटतपासात कुठे ना कुठे अडकतो. खरा घाम निघतो तो प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसासमोर. तो डोळ्याला डोळा भिडवून, शपथेवर, चुकीचं सांगतो.

आता प्रसंग. २२ नोव्हेंबर १९६३, डॅलस, दुपारचे साडेबारा. उघड्या मोटारीत मागे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि त्यांच्या पत्नी जॅकलिन, त्यांच्या पुढे टेक्सासचे गव्हर्नर कॉनली आणि त्यांच्या पत्नी नेली. गाडी डीली प्लाझा या चौकात वळली आणि काही सेकंदांत सगळं आटोपलं. हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने ५५२ जणांची साक्ष गोळा केली आणि सप्टेंबर १९६४ मध्ये ८८८ पानांचा अहवाल दिला. त्यानंतरही गोंधळ मिटला नाही म्हणून तिथल्या प्रतिनिधिगृहाने पुढे एक समिती नेमली. तिने १७८ जणांचे जबाब समोर ठेवून तक्ता केला : ४९ जण म्हणाले गोदामातून, २१ म्हणाले टेकाडावरून, ३० म्हणाले आणखी कुठून तरी आणि ७८ जण म्हणाले, सांगता येत नाही. या ७८ लोकांवर माझा फार जीव आहे. असे साक्षीदार आमच्या सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात भेटते तर अनेक खटले निम्म्या वेळात निघाले असते.

पण त्याच तक्त्यात १३२ जणांनी आवाज तीनच ऐकल्याचं सांगितलं आहे. म्हणजे संख्येवर बहुतेकांचं जमतं आणि दिशेवर जमत नाही. का? गोळी सेकंदाला सहाशे मीटरच्या वर पळते, आवाज साडेतीनशेच्या आत. त्यामुळे गोळी जवळून गेली की एक कडाका आधी कानावर येतो आणि बंदुकीच्या तोंडाचा धमाका मागून येतो. त्यात प्लाझाच्या कडेला उंच इमारती, पुढे रेल्वेचा पूल. प्रत्येक भिंत आवाज परत फेकते. ज्याने सगळं चित्रित केलं तो झप्रूडर टेकाडापाशीच, एका कठड्यावर उभा होता. त्याला आधी गोळ्या आपल्या पाठीमागून आल्यासारखं वाटलं होतं. आयोगापुढे मात्र तो म्हणाला की आवाज इतका घुमत होता की सगळीकडून आल्यासारखा वाटला. तुला खात्री करायची असेल तर दिवाळीत महाल भागातल्या एखाद्या बोळात डोळे मिटून उभी राहा, कुणाला तरी सुतळी बॉम्ब लावायला सांग, आणि बोट दाखव.

इतवारीतल्या एका खटल्यात मी बचावाला होतो. रात्री गावठी कट्ट्यातून गोळी सुटली. पानठेल्यावरचे सगळेच्या सगळे सांगत होते, ‘आवाज गोदामाकडूनच आला ना साहेब, काहून खोटं सांगू?’ घटनास्थळ पंचनाम्याला जोडलेला नकाशा मी पुन्हा पाहिला. पानठेल्याच्या समोर गोदामाची पत्र्याची भिंत, आणि ठेल्याच्या पाठीला जुना वाडा. छर्रे लागले होते त्याच पत्र्याला, बाहेरून. म्हणजे गोळी वाड्याकडून आली आणि आवाज पत्र्यावर आपटून परतला. यात एकही माणूस खोटं बोलत नव्हता. त्या लोकांना मी आरोपीविषयी एक शब्द विचारला नाही. उभे कुठे होते, तोंड कुणीकडे होतं, एवढंच विचारलं.

डॅलसला हीच पद्धत लाव. हॉवर्ड ब्रेनन नावाचा पाइप जोडणारा कामगार गोदामासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसला होता. आयोगाने गोळ्यांची म्हणून ठरवलेली सहाव्या मजल्याची खिडकी त्याच्यापासून साधारण १२० फुटांवर. त्याने खिडकीत बंदूकवाला पाहिला. उभा होता, म्हणतो. आता त्या खिडकीची काच अर्धीच वर केलेली. उभ्याने गोळी झाडली असती तर काचेतून झाडावी लागली असती. झाला का साक्षीदार खोटा? थांब. त्या इमारतीच्या खिडक्यांची चौकट जमिनीपासून फूटभरच वर आहे. आत माणूस गुडघ्यावर बसला की रस्त्यावरून त्याचं एवढं अंग दिसतं की तो उभाच वाटतो. ब्रेननने पाहिलं ते बरोबर, त्याचा अर्थ लावला तो चुकला. पण याच ब्रेननने त्या रात्री ओळखपरेडमध्ये संशयित म्हणून पकडलेल्या ऑस्वाल्डला ठामपणे ओळखलं नाही आणि नंतर सांगितलं की जिवाच्या भीतीने गप्प बसलो. हे मी कोर्टात चालू दिलं नसतं. एवढ्या अंतरावरून, क्षणभर पाहिलेला चेहरा, आणि त्यावर नंतर सुचलेली सबब! ब्रेननची खिडकी मी मान्य करीन, ब्रेननचा चेहरा नाही. एकाच साक्षीचा एक भाग घेता येतो आणि दुसरा टाकता येतो. ‘एक खोटं म्हणजे सगळं खोटं’ हा नियम आपल्याकडे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. परीक्षेत हा प्रश्न येतो, लक्षात ठेव.

माझ्या मते या प्रकरणातले सगळ्यात मोलाचे साक्षीदार पाचव्या मजल्यावर, त्याच खिडकीच्या बरोबर खाली होते. गोदामात काम करणारे तीन तरुण : विल्यम्स, नॉर्मन आणि जार्मन. नॉर्मनने वर बंदुकीचा खटका मागेपुढे झालेला आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या फरशीवर पडलेल्या ऐकल्या. विल्यम्सच्या डोक्यावर छताची भुकटी पडली आणि जार्मनने ती त्याच्या केसांत पाहिली. आवाज भिंतींवर फिरून येतो, भुकटी सरळ खाली येते. नंतर आयोगाच्या लोकांनी वर पुंगळ्या टाकून खाली ऐकू येतं का, हेही पाहिलं. आलं. सहाव्या मजल्यावर तीन पुंगळ्या सापडल्याच होत्या.

बचावाचा वकील म्हणून मी विल्यम्सला सोडलं असतं का? मुळीच नाही. घटनेच्या दिवशीच्या शपथपत्रात त्याने दोनच गोळ्या सांगितल्या आणि मार्च १९६४ मध्ये आयोगापुढे तीन. दोन्ही कागद हातात घेऊन मी त्याला तासभर उभं ठेवलं असतं. पण न्यायाधीशांनी शेवटी मला एकच विचारलं असतं : ही विसंगती मुळाशी जाते का? दोन की तीन, यात तो चुकला असेल, पण ‘आमच्या डोक्यावर’ हे पहिल्या दिवसापासून बदललेलं नाही. १९८३ च्या भरवाडा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे. साक्षीदाराच्या मनात व्हिडिओ टेप फिरत नसते, आणि भराभर घडलेल्या गोष्टींचा क्रम त्याला बिनचूक आठवेल ही अपेक्षाच चुकीची आहे. तो निकाल मुळातून वाच, गाइडमधून नको.

बेकर नावाच्या मोटारसायकलवरच्या पोलिसाचीही साक्ष वाच. तो नुकताच हरणाच्या शिकारीवरून आला होता, म्हणून इतरांना फटाका वाटला तिथे त्याने रायफल ओळखली. गोदामाच्या छतावरून कबुतरं उडताना दिसली आणि तो थेट त्या इमारतीत घुसला. कबुतरं कुणी पढवलेली नसतात. पण ती परतलेल्या आवाजानेही उडतात, म्हणून कबुतरांना मी पूरक पुरावा म्हणेन, त्याहून जास्त नाही.

आता टेकाडवाले. रेल्वेच्या पुलावर हॉलंड हा सिग्नल विभागाचा माणूस उभा होता. त्याने चार आवाज ऐकले आणि कुंपणाजवळच्या झाडांखालून धुराचा झोत निघताना पाहिला. पुलावरच्या आणखी काहींनीही धूर सांगितला. ही साक्ष मी कचऱ्यात टाकणार नाही. कानाचं सोड, धूर डोळ्याने पाहिलेला आहे. अडचण एवढीच की माणसं लगेच तिकडे धावली आणि तिथे ना बंदूक मिळाली, ना पुंगळी. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जीन हिल या बाईंची गोष्ट वेगळी. त्यांनी सांगितलं : चार ते सहा गोळ्या, आणि गाडीत नवराबायकोच्या मध्ये छोटं कुत्रं! गाडीत कुत्रं नव्हतं. जॅकलिनबाईंना विमानतळावर मिळालेला लाल गुलाबांचा गुच्छ होता. लोकांनी हिलबाईंची टर उडवली. मी उडवणार नाही, पण त्यांचा आकडाही घेणार नाही.

सगळ्यात अवघड साक्षीदार खुद्द कॉनली. आयोग म्हणतो, एकच गोळी केनेडींच्या मानेतून जाऊन कॉनलींना लागली. कॉनली शेवटपर्यंत सांगत राहिले की पहिल्या आवाजानंतर मी वळलो आणि मग मला लागली, म्हणजे माझी गोळी वेगळी. नेलीबाईंचंही तेच. जखमी माणसापेक्षा जास्त कुणाला कळणार, असं वाटतं ना? पण आपल्याला लागलेल्या गोळीचा आवाज कॉनलींनी ऐकलाच नव्हता, हे त्यांनीच सांगितलं आहे. म्हणजे त्यांनी ऐकलेली पहिली गोळी केनेडींना लागली की कुणालाच नाही, हे त्यांना ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. केनेडींना त्या क्षणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. नेलीबाईंनी पाहिलं होतं, आणि म्हणून माझ्या लेखी नवऱ्यापेक्षा बायकोची साक्ष जड आहे. आयोगाने तिच्यावर जेवढा वेळ द्यायला हवा होता, तेवढा दिला नाही.

एक शेवटचं. १९७९ मध्ये त्या समितीने पोलिसांच्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणावरून चौथी गोळी टेकाडावरून सुटल्याचं जवळपास मान्य केलं होतं. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या मंडळाने दाखवलं की ते आवाज घटनेनंतर साधारण मिनिटभराने नोंदलेले आहेत. यंत्रालाही उलटतपास लागतो. माझं मत विचारशील तर गोळ्या गोदामातून आल्या, आणि हे मी ४९ विरुद्ध २१ म्हणून सांगत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १३४ आठव : अमुक इतके साक्षीदार हवेत असं काही नाही. मी भुकटीवर आणि पुंगळ्यांवर उभा आहे.

प्रश्न : गांधीजी शेवटी ‘हे राम’ म्हणाले की नाही? दर ३० जानेवारीला आमच्या कट्ट्यावर भांडण होतं.
– एक वाचक, रामदासपेठ, नागपूर

उत्तर : मनूबेन त्यांच्या अगदी अंगालगत चालत होत्या आणि त्यांनी ‘हे राम’ ऐकल्याचं लिहून ठेवलं आहे. नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे नाही म्हणत राहिले, पण त्या दिवशी ते बिर्ला हाउसवर नव्हतेच. त्यांचं सगळं ऐकीव. राहिले स्वीय सचिव कल्याणम. ते मागेच होते आणि त्यांच्या नावावर ‘गांधीजी असं म्हणालेच नाहीत’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरलं. २०१८ मध्ये त्यांनी स्वतः खुलासा केला : म्हणाले नाहीत असं मी म्हटलं नव्हतं, त्या गलक्यात मला ऐकू आलं नाही एवढंच म्हटलं होतं. ‘म्हणाले नाहीत’ आणि ‘मी ऐकलं नाही’ यांत कोर्टात जमीनअस्मानाचं अंतर आहे. मनूबेन ‘ऐकलं’ म्हणतात, कल्याणम ‘ऐकलं नाही’ म्हणतात, म्हणजे दोघांत विरोधच नाही. नथुरामला पकडलं कुणी, यावरही असंच भांडतात. अमेरिकी वकिलातीतला हर्बर्ट राइनर, की माळी रघू नायक? एका माणसावर दोघं झडप घालू शकतात, साहेब.

प्रश्न : वर्धा रोडवरचा एक अपघात मी पाहिला होता. आता साक्षीचं समन्स आलंय. दोन वर्षं झाली, फारसं आठवत नाही. काय करू?
– एक वाचक, खामला, नागपूर

उत्तर : जा. ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे, ते द्यायला घाबरू नका. जाण्याआधी इतर साक्षीदारांशी बसून गोष्ट जुळवू नका आणि मोबाइलवर त्या अपघाताच्या बातम्याही शोधू नका. वकिलाने वेग विचारला तर आकडा फेकू नका. तुम्ही कुठे उभे होता आणि गाडी कुठून कुठे गेली, तेवढं सांगा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तुमची सही नसते, कायद्याने घेतलीच जात नाही, तेव्हा ‘सही कुठाय’ म्हणून गोंधळू नका. समन्स आणि ओळखपत्र सोबत ठेवा, दुपारचा डबा न्या. साक्षीदाराला येण्याजाण्याचा भत्ता मिळू शकतो. सरकारी वकिलांना विचारा, लाजू नका.