सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांचा खर्च कोणी उचलावा?

अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या आणि अल्पमुदतीची प्रमाणपत्रे देणारी कॉलेजे, करांच्या पैशावर चालावीत, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर, की निकाल पाहून दिलेल्या अनुदानावर, असे आपण विचारले आहे. मी 2007 पासून कॅलिफोर्नियातील अशा एका कॉलेजात संध्याकाळी गणित शिकवतो, त्यामुळे मुख्यतः याच राज्याबद्दल लिहितो.

2009 च्या ऑगस्टमधील सत्राची पहिली संध्याकाळ मला आजही आठवते. वर्गात चाळीस जागा होत्या आणि भिंतीला टेकून आणखी वीसेक जण उभे होते. त्यांतल्या कित्येकांची नोकरी त्याच वर्षी गेली होती. पुढच्या सत्रात वर्ग वाढायला हवे होते. प्रत्यक्षात राज्याच्या कपातीमुळे माझ्या दोन वर्गांपैकी एक रद्द झाला. महाराष्ट्रात ज्यांना आपण तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतो, तसाच मी आहे, आणि कपातीची कुऱ्हाड पहिल्यांदा अशा शिक्षकांच्या वर्गांवर पडते. लोकांना या कॉलेजांची गरज सर्वाधिक असते तेव्हाच तिजोरी आटलेली असते, आणि निधीची कोणतीही रचना मला आधी याच कसोटीवर तपासावीशी वाटते.

1978 साली मतदारांनी प्रपोझिशन 13 (थेट जनमताला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर करून मालमत्ता कर मूल्यांकनाच्या सुमारे एक टक्क्यावर रोखला. तोवर स्थानिक करावर उभ्या असलेल्या या कॉलेजांचा भार त्यानंतर मोठ्या प्रमाणात राज्याकडे गेला. 1988 च्या प्रपोझिशन 98 ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजे यांना मिळून किमान निधीची हमी दिली खरी, पण ही हमी राज्याच्या महसुलाशी बांधलेली आहे. येथील आयकराचा मोठा हिस्सा श्रीमंतांच्या भांडवली नफ्यातून येत असल्याने शेअर बाजार कोसळला की ती हमीही खाली येते.

मग शुल्क वाढवावे काय? 1984 पर्यंत येथे शुल्कच नव्हते. मंदीच्या काळात ते प्रति युनिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक मोजण्याचे एकक) 20 डॉलरांवरून 2012 पर्यंत 46 डॉलरांवर गेले, तरी वर्ग कमीच होत राहिले. याचे कारण असे की बहुतेक कॉलेज-जिल्ह्यांना (एक किंवा अधिक कॉलेजे चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) मिळायची एकूण रक्कम सूत्राने ठरते आणि जमा झालेले शुल्क त्यातून वजा करून उरलेली रक्कमच राज्य देते. म्हणजे शुल्कवाढीने कॉलेजचे उत्पन्न वाढत नाही, राज्याचा खर्च तेवढा वाचतो. गरीब विद्यार्थ्यांना शुल्कमाफी आहे आणि ती राहायलाच हवी, कारण त्यामुळे गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी पेल शिष्यवृत्ती घरभाडे, पुस्तके आणि जेवणाला पुरवता येते.

निकालांवर आधारित अनुदानाबद्दल मी सावध आहे. 2018 पासूनच्या सूत्राची आखणी अशी होती की सुमारे 70 टक्के निधी विद्यार्थिसंख्येवर, 20 टक्के गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि 10 टक्के पदवी किंवा प्रमाणपत्र मिळवण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या यशावर मिळावा. यातील 20 टक्क्यांचा भाग मला सर्वांत न्याय्य वाटतो. यशाचा वाटा मात्र वाढवू नये. वॉशिंग्टन राज्यात निकालांशी पैसा जोडल्यावर अल्पमुदतीची प्रमाणपत्रे वाढली, पण दोन वर्षांच्या पदव्या वाढल्याचे संशोधकांना आढळले नाही. दोन नोकऱ्या सांभाळून सहा वर्षांत पदवी मिळवणारी आई अशा हिशोबात कॉलेजला परवडत नाही, आणि ही कॉलेजे तिच्यासाठीच तर आहेत.

माझ्या मते चालू खर्चाचा मूळ भार राज्यानेच उचलावा आणि विद्यार्थिसंख्या आजच्याप्रमाणे तीन वर्षांच्या सरासरीने मोजावी, म्हणजे एका वाईट वर्षाने कॉलेज कोसळत नाही. मंदीतील जादा जागांचा खर्च मात्र केंद्राकडे असावा. राज्याला अर्थसंकल्प संतुलित ठेवावा लागतो, केंद्राला कर्ज काढता येते. म्हणून राज्यातील बेरोजगारीचा दर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की हा निधी नव्याने कायदा न करता आपोआप सुटला पाहिजे. स्थानिक मालमत्ता कर प्रामुख्याने इमारतींसाठी ठेवावा. आज सॅन मटेओसारख्या श्रीमंत जिल्ह्यात हा कर सूत्राने ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त जमतो आणि ते जास्तीचे पैसे तिथेच राहतात. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील (सेंट्रल व्हॅली या शेतीप्रधान भागातील) शेतमजुरांच्या मुलांना शिकवणाऱ्या जिल्ह्यांना अशी सोय नाही. त्या जादा रकमेचा काही भाग राज्यभर वाटला जावा, असे मला वाटते, जरी ज्या जिल्ह्यांना ती मिळते तेथील लोक याला कडाडून विरोध करतील.