बोटीच्या आउटबोर्ड मोटरची (मागे बाहेरून लावलेलं इंजिन) किल्ली फिरवली की नुसतं टक वाजतं, सेल्फ (स्टार्टर मोटर) बदलू का?

भाऊ, नवीन सेल्फ लगेच घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की गंगापूर धरणावरच्या बोटीची ४० एचपीची आउटबोर्ड पावसाळाभर ताडपत्रीखाली होती, आता किल्ली फिरवली की एकदाच टक होतं आणि मोटर फिरत नाही, बॅटरी नवीन टाकली तरी तेच, आणि मेकॅनिक म्हणतो सेल्फ गेला. सातपूरला मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो आणि एवढ्यावरून सेल्फ गेला असं मी तरी म्हणणार नाही.

टक वाजतंय म्हणजे फ्यूज, किल्ली आणि न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागू देणारा) ओके आहेत, कारण गिअरमध्ये राहिली असती तर टकसुद्धा वाजलं नसतं. म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (किल्ली फिरवली की सेल्फचा मोठा करंट जोडणारा स्विच) सप्लाय येतोय, पुढे जाड वायरींमधून जो शंभर-दीडशे अँपिअर करंट जायला हवा तो कुठेतरी अडतोय. ओलीत पडलेल्या बोटीत बहुतेक वेळा थिंबलच्या (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) आत हिरवा गंज धरलेला असतो, वरून वायर एकदम चांगली दिसते आणि दिवा पण लागतो, पण सेल्फचा लोड आला की तिथेच व्होल्टेज बसतं.

साधा मल्टीमीटर घ्या. गिअर न्यूट्रल, किल-स्विचची (इंजिन बंद करणारा सेफ्टी स्विच) क्लिप काढलेली (काही मॉडेलात क्लिप काढली की सेल्फच लागत नाही, तसं असेल तर क्लिप राहू द्या आणि स्पार्क प्लगच्या कॅप काढून अर्थ करा). आता एकाला किल्ली फिरवायला सांगा आणि बॅटरीच्या दोन्ही खांबांवर रीडिंग बघा. ९.६ व्होल्टच्या खाली गेलं तर बॅटरी नवीन असली तरी आधी पूर्ण चार्ज करा. आणि १२.५ च्या आसपास हललंच नाही तर करंट वाहतच नाहीये, मग मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरून परत किल्ली, नंतर बॅटरीचा मायनस ते सेल्फची बॉडी, तसंच. दोन्हीकडे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे, जास्त आलं तर त्याच बाजूचा सांधा खोलून पॉलिश पेपरने घासा, अर्थ वायरचा इंजिनवरचा बोल्ट तर नक्कीच, तो सगळेच विसरतात. प्लसकडे ड्रॉप आहे आणि सांधे चकचकीत आहेत तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेत, तो एकटा बदलून मिळतो.

सेल्फच्या बोल्टवर नीट व्होल्टेज येतंय आणि तरी फिरत नाही, तेव्हाच सेल्फ खोला, त्यातही कार्बन (ब्रश) घासलेले किंवा चिकटलेले निघतात आणि ते काम नाशिकमध्येच होतं. पण त्याआधी प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. प्लगच्या भोकातून पाणी आलं किंवा चाक जाम असेल तर दोष इंजिनचा आहे, वर नवीन सेल्फ लावला तर तोही जाळून बसाल.

सोलेनॉइडवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून शॉर्ट करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, ठिणगी पडते आणि तिथे पेट्रोलचा वास असतोच, शिवाय न्यूट्रल स्विच बायपास झाल्याने पंखा (प्रोपेलर) फिरू शकतो, त्यात बोटं जातात. सेल्फ दहा सेकंदाच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं थंड होऊ द्या. आणि काठावर सुरू करायची वेळ आली तर आधी पाण्याचा पाईप जोडा, कोरडी चालवली की इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं रबरी चाक) जातो.

तिन्ही रीडिंग आणि मोटरचं मॉडेल इथे टाका, मी बघून सांगतो.