बारा की चौदा?

"बाबा रोज तेच तेच सांगतात हो. डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?"

हा प्रश्न मी इतक्या सुनांकडून आणि लेकांकडून ऐकलाय, की आता माणूस खुर्चीत टेकायच्या आतच ओळखू येतो. कुणाकडे गिरणीचा संप असतो, कुणाकडे एसटीची नोकरी. चिपळूणच्या या घरात होती विक्रांत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

विक्रांत म्हणजे विमानवाहू युद्धनौका, जुनी, पहिली. 1961 मध्ये बेलफास्टला आपल्या नौदलात दाखल झालेली, 1997 मध्ये निवृत्त झालेली आणि 2014 मध्ये मुंबईत दारूखान्याला तोडायला काढलेली. काका तिच्या बॉयलर रूममध्ये स्टोकर होते. आता वय 76.

"जेवायला बसलं की सुरू," सून सांगत होती. "'एकाहत्तर साली बॉयलरला तडे गेले होते, तरी आम्ही लढाईला गेलो...' मला पाठ झालंय, मॅडम. पोरं तर ताट घेऊन आत जातात."

मी आधी साध्या गोष्टी विचारल्या. बँकेचं काम जमतं का, गोळ्या स्वतः घेतात का, बाजारातून घरी नीट येतात का? सगळं ठीक होतं. सांगितलेलं विसरून तासाभरात पुन्हा सांगणं वेगळं आणि सांगितलंय हे पक्कं माहीत असून सांगणं वेगळं. पहिलं असेल तर डॉक्टरांकडे जा, 'वय झालं' म्हणून घरी बसू नका. काकांचं दुसऱ्या प्रकारचं होतं. तरीही बी-12 आणि थायरॉइडची तपासणी मी करून घ्यायला लावलीच.

रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं 1963 मध्येच मांडलं होतं, की उतारवयात मागचं आठवत बसणं हे बिघाडाचं लक्षण नाही, ते आयुष्याचा हिशेब लावणं आहे. मी त्या पंगतीतली. माझे काही सहकारी अशा वेळी आधी विचार दुरुस्त करायला घेतात. मी आधी ऐकते, आणि ऐकणं मला बऱ्यापैकी येतं असा माझा समज होता.

पहिल्या दोन भेटींत काकांनी तीच गोष्ट सांगितली, शब्दही तेच. मी मान डोलावत राहिले. तिसऱ्या वेळी सहज विचारलं, "काका, तुम्ही तर खाली. वर विमान उडालं हे तुम्हाला कळायचं कसं?"

ते थबकले. मग त्यांनी हवेत बोट धरलं आणि काट्यासारखं खाली आणलं. "विमानाला डेकवरून फेकणाऱ्या कॅटापल्टला वाफ आमचीच ना! एक विमान सुटलं की दाबाचा काटा असा घसरायचा. त्यावरून मोजायचं. परत किती आली ते मात्र वर जाऊन विचारायला लागायचं."

"मग किती मोजलीत त्या दिवशी?"

"बारा. माझा शेजारच्या बंकवरचा दोस्त, केरळचा, म्हणायचा चौदा. पन्नास वर्षं भांडलो आम्ही. गेल्या वर्षी गेला तो." बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते. "आता घरी बारा म्हटलं तरी 'हो बाबा', शंभर म्हटलं तरी 'हो बाबा'."

मी पेन खाली ठेवलं. दोन भेटी मीही 'हो बाबा'च करत होते की! या माणसाला मान डोलावणारं नको होतं. 'चूक आहे तुझं' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून गोष्ट एकाच जागी फिरत होती. इतक्या वर्षांच्या कामात मला हे त्या काट्यानं शिकवलं.

घरच्यांना मी एवढंच सांगितलं: दुसरा प्रश्न विचारा. 'तेव्हा कसं वाटलं' वगैरे नको, तो आमच्यावर सोडा. झोपायचात कुठे, घोरायचं कोण, भात कसा असायचा, असलं विचारा. चुकत असतील तर तसं तोंडावर सांगा, पण हिणवून नाही. गेलेल्या मित्राचं नाव घेताना डोळे भरले तर टीव्ही लावू नका, पाण्याचा पेला पुढे ठेवा आणि बसून राहा. झोप उडाली, जेवण सुटलं किंवा बाटली जवळ आली, तर मात्र लगेच या. तिथे नुसत्या गप्पा पुरत नाहीत.

दहावीतल्या नातवाला हे फारच मानवलं. "आजोबा, चार डिसेंबरला पहिला हल्ला चितगाववर नाही, कॉक्स बाजारवर!" सुनेचा फोन आला, "मॅडम, आता घरात आवाज वाढलाय. काल दोघांची आमटी थंड झाली."

शेवटच्या भेटीला काका वहीचा कागद घेऊन आले. त्यावर बॉलपेननं काढलेला मेस डेक, म्हणजे खलाशांची जेवायची-झोपायची जागा, होता. एकावर एक तीन बंक, प्रत्येकावर नाव. दोन चौकोन रिकामे.

"ही दोन आठवेनात, म्हणून केरळला दोस्ताच्या घरी फोन लावला. मुलाशी बोललो हिंदीत. नावं त्यालाही माहीत नाहीत. पण विमानांचं विचारलं, तर म्हणतो, 'पापा तो चौदा बोलते थे.'" काकांनी कागदावर हात आपटला. "बघा! मेला तरी चौदाच!"