हवा किती दिली यापेक्षा कुठे दिली?

तुमचं कोडं असं, की गॅसचा बर्नर जळायला लागते त्यापेक्षा 10 टक्के जादा हवेवर निळा, बिनधुराचा जळतो, मग कोळशाच्या भट्टीला 50 टक्के जादा हवा देऊनही काळा धूर का? खरं तर तो धूरही गॅसचाच आहे.

ताजा कोळसा निखाऱ्यांवर पडला की आधी ओलावा उडतो, मग साधारण 400 अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातली बाष्पनशील द्रव्यं जोरात सुटू लागतात: मिथेन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, डांबराची वाफ. मागे उरणारा कोक जवळजवळ धुराशिवाय जळतो. सुटलेल्या वायूला मात्र हवा निखाऱ्यांच्या थराच्या वर लागते, आणि खालून, जाळीतून आलेल्या हवेतला बराचसा ऑक्सिजन निखाऱ्यांनी आधीच खाल्लेला असतो. थर जाड असेल तर तयार झालेला कार्बन डायऑक्साइडसुद्धा तापलेल्या कार्बनशी भिडून पुन्हा मोनॉक्साइड होतो. तापलेल्या पण ऑक्सिजन न मिळालेल्या डांबरी वाफेची काजळी होते.

धूर दिसला की खालचा डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडायचा, हे मीही कित्येक दिवस केलं. त्यानं थर अधिक जोरात पेटतो, वायू अधिक सुटतो, आणि थर विरळ असेल तिथून हवा न वापरताच निसटते. धुराड्यात ऑक्सिजन भरपूर दिसतो, धूरही तसाच. बर्नरमध्ये वायू आणि हवा आधीच मिसळतात किंवा तोंडाशी लगेच मिसळतात, म्हणून तिथं थोडी जादा हवा पुरते.

धूर गेला म्हणजे काम झालं असंही नाही. 1 किलो कार्बन पूर्ण जळून सुमारे 32.8 मेगाजूल देतो, मोनॉक्साइडवर थांबला तर 9.2 च्या आसपास. हा तोटा डोळ्यांना दिसत नाही, फ्ल्यू गॅसमध्ये, म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या वायूत, मोनॉक्साइड मोजावाच लागतो.

गॅस आणि कोळशाच्या उष्मांकाबद्दल, म्हणजे किलोमागे मिळणाऱ्या उष्णतेबद्दल, थोडक्यात: मिथेनचे 55.5 मेगाजूल प्रतिकिलो हा एकूण (ग्रॉस) आकडा आहे. पाण्याच्या वाफेबरोबर जाणारी उष्णता वजा केली की 50 उरतात. तुलना करताना दोन्ही इंधनांचे आकडे एकाच प्रकारचे घ्या.

आता एक करून पाहा. कोळसा टाकल्यावर पहिली काही मिनिटं थराच्या वरची दुय्यम हवा थोडी वाढवा, खालची तशीच ठेवा. धूर पातळ झाला तर वर जोरदार झोताची हवा कायमची द्यायला हवी. आणि कोळसा एकदम ढीगभर टाकू नका, थोडा थोडा, वरचेवर टाका.