गाडीत स्टिरिओ स्वतः बसवणार? मग आधी हे वाच
अरे बसव की बिनधास्त, फक्त घाई करू नको. सगळ्यात आधी १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेव, त्याशिवाय डॅशबोर्डला हात लावायचा नाही. स्टिरिओभोवतीची प्लास्टिकची फ्रेम काढायला स्क्रूड्रायव्हर नको घुसवू, ओरखडे पडतात आणि मग रोज गाडीत बसलं की तेच दिसतं. प्लास्टिकची पट्टी मिळते ती वापर.

आता वायरिंग. तुझ्या गाडीच्या मॉडेलचा कपलर (गाडीची वायर आणि नवा सेट जोडणारा प्लग) विकत घे, थोडेच पैसे लागतात पण कंपनीची वायर कापावी लागत नाही, आणि एकदा कापलीस की वॉरंटीत वाद घालत बस. बाहेरून घेतलेल्या सेटला साधारण पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा सप्लाय, काळी म्हणजे अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह. मी पहिल्यांदा शहाणपणा करून लाल-पिवळी एकत्रच पिळून कायमच्या सप्लायला जोडली होती, गाणी मस्त वाजली, दोन दिवसांनी सकाळी ऑफिसला निघालो तर स्टार्टर नुसता टक टक! बॅटरी झोपलेली. लाल-पिवळीची अदलाबदल केलीस तर चावी काढली की घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन पुसले जातात. रंगांवर डोळे झाकून विश्वास नको, मल्टिमीटरने (व्होल्टेज मोजायचं यंत्र) चेक कर. आणि स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला अजिबात टेकवायची नाही, सेटमधला अ‍ॅम्प्लिफायर उडेल.

फ्रेम लावायच्या आधी चारही स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा सगळं वाजवून बघ, नाहीतर परत खोलत बसशील.