डीएसओ१३८ वर दुसरं फर्मवेअर टाकण्याआधी मूळ फर्मवेअरचा बॅकअप कसा घ्यावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. डीएसओ१३८ या छोट्या ऑसिलोस्कोप किटवर डीएलओ-१३८ हे मुक्तस्रोत फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम) टाकण्याआधी मूळ फर्मवेअरचा बॅकअप कसा घ्यायचा, आणि काही चुकलं तर स्कोप कायमचा जाईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: कायमचा जाणार नाही. पहिल्याचं उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही. या स्कोपमधलं मूळ फर्मवेअर वाचून बाहेर काढता येत नाही, आणि वाचायच्या नादातच ते पुसलं जाऊ शकतं.

कायमचा का जात नाही, ते पाहू. या बोर्डाचा मेंदू एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप आहे. तिच्यात ६४ केबी फ्लॅश असते आणि तिथेच फर्मवेअर राहतं. पण सिरीयल पोर्टवरून फ्लॅश भरणारा बूटलोडर वेगळ्या जागी, चिप बनवतानाच लिहिलेला असतो. तो तुम्हाला पुसता येत नाही. फ्लॅश रिकामी झाली, अर्धवट भरली, चुकीची फाइल गेली, तरी बूट जंपर जोडून रीसेट दिलं की चिप पुन्हा बोलायला तयार.

आता बॅकअप का होत नाही? किटबरोबर आलेली चिप वाचनबंदी लावूनच येते. बूटलोडरला 'वाच' म्हटलं की तो नकार देतो. एसटी-लिंक (चिपला थेट जोडायचं प्रोग्रॅमर उपकरण) लावून पाहिलंत तरी हेच. ही बंदी काढता येते, पण काढताक्षणी चिप स्वतःहून सगळी फ्लॅश पुसते. तो दोष नाही, चिपची रचनाच तशी आहे: कुलूप उघडायचं तर तिजोरी आधी रिकामी होणार. चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या फ्लॅश लोडर प्रोग्रॅममध्ये ही बंदी काढण्याचं बटण अगदी सरळ समोर येतं. 'पुढे जा'सारखंच वाटतं. (२०२० साली संशोधकांनी या चिपच्या एफ१ मालिकेतल्या या बंदीची एक त्रुटी प्रसिद्ध केली, पण ती सरळ वाट नाही. तुमच्या कामाला त्या वाटेनं जाऊ नका.)

मी ते बटण दाबलं होतं. आधी कुलूप काढू, मग वाचू, असा माझा हिशोब होता. स्क्रीन पांढरी झाली. मग उत्पादकाची हेक्स फाइल (फर्मवेअरची फाइल) शोधून भरली, तर ती माझ्या बोर्डावर चालेना, कारण बोर्ड मूळ उत्पादकाचा नव्हता, नक्कल होती. डीएलओ-१३८ चाललं म्हणून स्कोप वापरात राहिला, पण त्याचं स्वतःचं फर्मवेअर मला परत कधीच मिळालं नाही. म्हणून इतकं लांबण लावून लिहितोय.

म्हणजे इथे बॅकअप याचा अर्थ परतीची वाट आधी पक्की करणं. किट चालू असताना सुरुवातीच्या स्क्रीनवर फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक दिसतो, तो लिहून ठेवा. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, चिपवरची अक्षरं वाचता येतील असे. स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झ टेस्ट सिग्नलचा फोटोही घ्या, नंतर तुलनेला लागतो. मग मूळ उत्पादक जेवायई टेकनं डीएसओ१३८ साठी दिलेली हेक्स फाइल उतरवून ठेवा. तुमचं किट त्यांचं आहे की नक्कल, याची खात्री पटेपर्यंत बंदी काढू नका. नक्कल असेल तर मूळ फर्मवेअर गेलं तर गेलं, हे आधीच मान्य करा आणि मगच पुढे जा.

जोडणी सोपी आहे. बोर्डावरचे जेपी१ आणि जेपी२ (वर म्हटलेले बूट जंपर) सोल्डरचा टिपका टाकून जोडा. यूएसबी-सिरीयल अडॅप्टर ३.३ व्होल्टचा घ्या. त्याच्या फक्त तीन तारा लावा: ग्राउंडला ग्राउंड, आरएक्सला टीएक्स, टीएक्सला आरएक्स. अडॅप्टरची वीजेची तार मोकळीच ठेवा, बोर्डाला त्याचा नेहमीचा ९ व्होल्टचा पुरवठा द्या. बूटलोडर इव्हन पॅरिटी (प्रत्येक बाइटमागे तपासणीचा एक जादा बिट) मागतो. हाती साधा टर्मिनल प्रोग्रॅम घेतलात तर लोक इथेच अडतात. आता फ्लॅश लोडर प्रोग्रॅममधून चिपची नुसती ओळख विचारा. बंदी असली तरी चिप ओळख सांगते, आणि या चिपचं उत्तर ०x४१० यायला हवं. आलं तर तारा बरोबर आहेत. इथपर्यंत काहीही पुसलेलं नाही. इथे थांबून मूळ फर्मवेअरची हेक्स फाइल खरंच हाताशी आहे ना, ते पाहा. त्यानंतर बंदी काढा, डीएलओ-१३८ ची फाइल भरा, टिपके काढा, पुरवठा बंद करून चालू करा.

डीएलओ-१३८ मुळे दोन डिजिटल चॅनेल मिळतात, आणि साठवलेले नमुने १०२४ चे २०४८ होतात. आय२सी किंवा सिरीयल अशा, चिपांमधल्या संवादाचं कोडं सोडवताना हे फार उपयोगी पडतं. डिजिटल चॅनेल चिपच्या पीए१३ आणि पीए१४ या पिनांवर येतात. या पिना ५ व्होल्ट सोसतात, त्यामुळे ५ व्होल्टचा अर्डुइनो सरळ जोडता येतो. पण त्याच एसटी-लिंकच्याही पिना आहेत, म्हणून नंतर एसटी-लिंक गप्प बसला तर घाबरू नका, सिरीयलची वाट उघडीच असते. बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल नीट दिसतो ती मर्यादा) मात्र २०० किलोहर्ट्झच्या आसपासच राहणार. ती पुढच्या अॅनालॉग भागावर आणि सेकंदाला १० लाख नमुने घेणाऱ्या एडीसीवर (सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या भागावर) ठरते, फर्मवेअर त्यात काही करू शकत नाही. इनपुटची ५० व्होल्टची मर्यादाही तशीच. घरच्या २३० व्होल्टला हा स्कोप लावायचा नाही.

खराखुरा बॅकअप हवा असेल तर फर्मवेअर चिपच्या बाहेर ठेवणारा स्कोप पाहा. फ्निर्सी १०१३डी मध्ये ऑलविनर एफ१सी१००एस प्रोसेसर आहे. तो आधी एसडी कार्डावर, ८ केबीच्या जागी बूट कोड शोधतो, नाही सापडला तरच फ्लॅश चिपकडे वळतो. त्यामुळे आतल्या कार्डाची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) घेऊन नवं फर्मवेअर कार्डावर टाकता येतं आणि फ्लॅशमधलं मूळ जागच्या जागी राहतं. कार्डावरची तेवढी जागा शून्यांनी भरली की जुना स्कोप परत. प्रतिमा दोनदा घ्या आणि दोन्हींचा चेकसम (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवा. एकदाच घेतलेल्या प्रतीवर मी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या स्क्रीनवरचा आवृत्ती क्रमांक आणि चिपवरची अक्षरं लिहा, किट मूळ आहे की नक्कल ते बघून सांगतो. तोवर जेपी१ आणि जेपी२ ला हात लावू नका.